तिसरी डिश

कार्निव्हल या अमेरिकन क्रूझ कंपनीने २०२३ मध्ये एक छोटासा नियम काढला. रात्रीच्या जेवणात दोन मुख्य पदार्थ तिकिटातच. तिसरा हवा असेल तर ५ डॉलर. सूप हवे तेवढे प्या, सॅलड हवे तेवढे खा, शेवटी चॉकलेटचा केक चार वेळा मागवा, कोणी काही म्हणणार नाही. फक्त तिसरा स्टेक, तिसरा मासा किंवा तिसरी कोंबडी आली की ५ डॉलर. अन्नाची नासाडी कमी व्हावी म्हणून, असे कंपनीचे म्हणणे. यावर जो हलकल्लोळ उडाला तो ऐकून नवख्या माणसाला वाटले असते की कंपनीने लाइफबोटींना तिकीट लावले आहे.

मला मात्र नियम कळल्यावर जो प्रश्न पडला तो अर्थशास्त्राचा नव्हता, शरीरशास्त्राचा होता. सकाळी ऑम्लेट, दुपारी बफे, चारला पिझ्झा, पाचला ‘जरा तोंडात टाकायला’ म्हणून बर्गर, आणि मग रात्री तीन-तीन मुख्य पदार्थ खाणारा माणूस असतो तरी कोण? असतो. तो सोळा-सतरा वर्षांचा असतो आणि त्याचे आईवडील त्याच्याकडे अभिमान आणि भीती यांच्या मधल्या कुठल्यातरी नजरेने बघत असतात. शिवाय एक चाखणारा असतो. स्टेक, मासा आणि लझान्या शेजारी शेजारी मांडायचे, प्रत्येकाचा एक कोपरा खायचा आणि उरलेला मुलूख वेटरच्या हवाली करायचा. पण हे दोघे फार ओरडले असतील असे मला वाटत नाही. पोराचे पैसे बाप भरतो, आणि चाखणारा दोन कोपऱ्यांवर भागवतो.

ओरडला तो वेगळाच गृहस्थ. त्याने उभ्या आयुष्यात तिसरी डिश मागवलेली नाही. दुसरीही नाही, डॉक्टरांनी बजावले आहे. पण मागवता येत होती! रोज रात्री जेवून उठताना तो एक अख्खी कोंबडी न खाता सोडून देत असे, आणि त्या औदार्याच्या समाधानात शांत झोपत असे. कंपनीने नेमकी ती झोप ५ डॉलरला विकायला काढली.

अमर्याद जेवणाचा धंदा आपल्याकडेही आहे आणि आपल्या थाळीवाल्याला हे गणित तोंडपाठ आहे. दारावर ‘अनलिमिटेड’ लिहिलेल्या हॉटेलात पहिली बासुंदी तुम्ही नीट बसायच्या आत येते. दुसरी मागताक्षणी येते. तिसरीच्या वेळी बासुंदीवाला दिसेनासा होतो. भातवाला समोर उभाच असतो, डाळवाला तुमच्या ‘नको नको’कडे साफ दुर्लक्ष करून ओतत असतो, फरसाणवाला तर दोनदा येऊन जातो, बासुंदीवाला तेवढा हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, तोही पाठमोरा. कोणाचा अपमान नाही, कुठे भांडण नाही. गिऱ्हाईक दोन मिनिटे मान वळवून पाहते, मग ताक पिऊन उठते आणि बाहेर येऊन ‘पोटभर झालं’ म्हणते. अमेरिकन कंपनीला ही कला अवगत नाही. तिने ती गोष्ट मेनूकार्डावर छापली आणि पुढे आकडा घातला. छापले की भांडण आलेच.

आणि भांडण तरी पैशाचे आहे का? तिसऱ्या डिशला शिव्या घालत डायनिंग रूममधून बाहेर पडलेल्या माणसाच्या मागोमाग अर्धा तास हिंडून बघा. तो बारमध्ये जातो. कागदी छत्री खोचलेले निळे पेय घेतो, ज्याची किंमत त्या डिशच्या जवळजवळ तिप्पट असते. वर आपोआप लागणाऱ्या टीपेकडे तो पाहतही नाही. तिथून कॅसिनोत जातो आणि तिथे काय घालवतो ते बायकोलाही सांगत नाही. पण ५ डॉलरची गोष्ट तो परत गेल्यावर शेजाऱ्याला, न्हाव्याला आणि दाताच्या डॉक्टरला, तोंडात कापूस असतानाही, सांगणार आहे.

क्रूझ विकते तरी काय? समुद्र म्हणाल तर समुद्राकडे कोणी बघत नाही. पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर सकाळी सहालाच टॉवेल टाकून जागा अडवलेल्या असतात आणि त्या खुर्च्यांची तोंडे तलावाकडे असतात. क्रूझ विकते ती किंमत न दिसण्याची चैन. चढलात की पाकीट केबिनच्या तिजोरीत जाते आणि हातात एक कार्ड येते. दार त्याने उघडते, बिअर त्याने येते. प्रिन्सेस कंपनीने २०१७ पासून कार्डाच्याही पुढे जाऊन नाण्याएवढी चकती काढली. ती गळ्यात किंवा मनगटावर बाळगायची. तुम्ही कुठल्या डेकवर कुठल्या खुर्चीत पडला आहात हे बिअर आणणाऱ्याला त्या चकतीवरूनच कळते. सात दिवस माणूस राजासारखा वावरतो, कारण राजाच्या खिशात सुटे पैसे नसतात. अशा राजाला जेवणाच्या ताटाशेजारी आकडा दिसला की तो एकदम न्यू जर्सीला किंवा ओहायोला, आपल्या घराच्या हप्त्यापाशी, जाऊन आदळतो.

‘पूर्वी असं नव्हतं’ हे या मंडळींचे लाडके वाक्य. त्यांनी जरा आणखी पूर्वी जावे. १९०५ मध्ये हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनच्या ‘अमेरिका’ या बोटीवर रिट्झ-कार्लटनच्या नावाचे रेस्टॉरंट निघाले. जेवण तिकिटात असतानाही तिथे खाल्ले तर वेगळे पैसे. त्या वेळी कंपनी चालवत होते अल्बर्ट बालिन. याच बालिन साहेबांनी १८९१ च्या जानेवारीत ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट भूमध्य समुद्रात नुसती फिरायला नेली होती, कारण हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायला पुरेसे गिऱ्हाईक मिळेना आणि बोट रिकामी बांधून ठेवणे परवडेना. त्या सफरीला बरेच लोक जगातली पहिली क्रूझ मानतात. म्हणजे क्रूझ आणि क्रूझवरचे जादा बिल ही भावंडे एकाच घरात वाढलेली आहेत.

टायटॅनिकवरसुद्धा हेच. पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठी तिथे अ ला कार्ट रेस्टॉरंट होते, लुइजी गाट्टी हे ठेकेदार ते चालवत आणि बिल वेगळे होई. पण एक सभ्यता होती. जो उतारू सगळा प्रवासभर इथेच जेवीन म्हणे, त्याला तिकिटाच्या रकमेत सूट मिळे. आजच्या कंपन्यांनी जुन्या बोटींचे बरेच काही उचलले आहे, जिने, झुंबरे, कॅप्टनबरोबरचे फोटो. ही सूट तेवढी त्यांच्या नजरेतून निसटली.

तक्रारदारांचे ‘पूर्वी’ मात्र टायटॅनिकचे नसते. ते असते दूरदर्शन संचावरचे. ‘द लव्ह बोट’ ही मालिका अमेरिकेत १९७७ ते १९८६ चालली आणि तिने एका अख्ख्या पिढीला पटवून दिले की बोटीवर गेल्यावर प्रेम, हवामान आणि जेवण या तीन गोष्टी आपोआप मिळतात. मग आला मध्यरात्रीचा बफे. बर्फाचे हंस, कलिंगडात कोरलेले मोर, कोळंब्यांचे मनोरे. रात्री बारा वाजता भूक कोणालाच नसे, पण दार उघडले की लोक रांग लावून आत जात, आधी हंसाचा फोटो काढत आणि मग उगाच एक कोळंबी खात. त्या कोळंबीची आठवण काढून आज लोक हळवे होतात.

हंस वितळला आणि एकेक गोष्ट तिकिटातून खाली उतरू लागली. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने २०१५ मध्ये रूम सर्व्हिसवर ७.९५ डॉलर लावले, दोन वर्षांनी रॉयल कॅरिबियनने नेमके तेवढेच. (जिथे रोख पैसे चालतच नाहीत तिथे पाच सेंट कमी ठेवून कोणाची सोय झाली, हे मला अजून उमगलेले नाही.) २०२३ च्या अखेरीस प्रिन्सेसवर इतके दिवस तिकिटात असलेल्या, टेबलावर बसून खायच्या पिझ्झाला १४.९९ डॉलर लागले. लॉबस्टरच्या रात्री पहिला लॉबस्टर पाहुणा म्हणून येतो आणि दुसरा काही ठिकाणी बिल घेऊन. गंमत म्हणजे मोठ्या आकड्यावर कोणी चिडत नाही. रॉयल कॅरिबियनची ‘आयकॉन ऑफ द सीज’ जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून निघाली. वीस डेक, गच्च भरली तर साडेसात हजारांवर उतारू, आणि तिच्यावर एक सपर क्लब, जिथे तेव्हा जेवायचे तर माणशी २०० डॉलरच्या घरात. तिथे लोक आधीपासून नंबर लावतात, कोट घालून जातात आणि पाहिलेच पाहिजे म्हणून इतरांना सांगतात. २०० डॉलरला माणूस हौस म्हणतो. लूट म्हणायला रक्कम पाचाच्या आसपास असावी लागते.

पण सगळ्यांत रसाळ प्रकरण आहे ड्रिंक पॅकेजचे. रोजचे ठरावीक पैसे आगाऊ भरा आणि मग पीत राहा. यातली मेख दोन नियमांत आहे. एक म्हणजे केबिनमधल्या एका प्रौढाने पॅकेज घेतले तर बहुतेक कंपन्यांत दुसऱ्यालाही घ्यावे लागते, नाहीतर एकाच्या पॅकेजवर दोघे पितील. दुसरा कार्निव्हलचा: चोवीस तासांत मद्याचे पेले पंधरा. सोळावा मागितलात तर बारमन नम्रपणे नाही म्हणतो. हा पंधराचा आकडा ज्या बैठकीत ठरला तिथे चौदावर अडून बसलेला कोणी तरी असेल, त्याच्याशी बोलायला मला आवडेल.

आम्हीही एकदा क्रूझला गेलो, तेव्हा आमच्याबरोबर न्यू जर्सीतल्या एडिसनचे एक भाऊजी होते. त्यांनी दोन पेल्यांच्या हिशेबाने पॅकेज घेतले, आणि नियमाप्रमाणे वहिनींच्या नावावरही ते चढले. वहिनी मद्याच्या वाऱ्याला उभ्या राहत नाहीत. आकडा कळल्यावर त्या दहा मिनिटे काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ठीक आहे. वसूल करते.”

हे वसूल करणे मी डोळ्यांनी पाहिले. सकाळी सात वाजता कॅपुचिनो. नऊला दुसरी, कारण पहिली ‘गार होती’. अकराला बिनदारूची मोहितो, बाराला संत्र्याचा रस, एकला पाण्याची बाटली, ती पर्समध्ये. पाण्याच्या बाटल्या त्या दर डेकवरच्या वेगवेगळ्या बारमधून आणत, म्हणजे संशय नको. संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये पाण्याचा एवढा साठा झाला की बोट वाळवंटात अडकली असती तरी आमची सोय होती. भाऊजी दोन पेल्यांवर जे गाढ झोपत ते झोपत. वहिनी रात्री दीडला कॉफीमुळे टक्क जाग्या, छताकडे बघत, बोटांवर हिशेब करत. चौथ्या दिवशी त्यांनी जाहीर केले की पॅकेजच्या वर सव्वाअकरा डॉलर निघाले. त्या दिवशी त्यांना पित्त झाले होते, पण चेहरा विजयी होता.

नॉर्वेजियनने तर याच्या पुढचे पाऊल टाकले. बहामामध्ये त्यांच्या मालकीचे ग्रेट स्टिरप के नावाचे बेट आहे. मार्च २०२६ पासून बोटीवरचे ड्रिंक पॅकेज त्या बेटावर चालणार नाही, असे त्यांनी २०२५ मध्ये जाहीर केले. बोट कंपनीची, बेट कंपनीचे, नारळात नळी खुपसणारा बारमन कंपनीचा. पॅकेज तेवढे परके.

तक्रार करायची तर जायचे कुठे? कार्निव्हल मूळची नोंदलेली पनामात, रॉयल कॅरिबियन लायबेरियात, बोटींवर फडकणारे झेंडे बहुधा बहामा नाहीतर पनामाचे, कचेऱ्या मायामीत. सगळी पृथ्वी पालथी घातल्यावर शेवटी हाती लागतो तो गेस्ट सर्व्हिसेसचा काउंटर, आणि तिथे एक अतिशय गोड मुलगी, जिला या नियमाविषयी तुमच्याइतकेच वाईट वाटत असते, निदान चेहऱ्यावर.

कंपन्यांची बाजू घ्यायची माझी इच्छा नाही, त्यांच्याकडे वकील भरपूर आहेत. पण मार्च २०२० मध्ये जगभरच्या क्रूझ थांबल्या, तेव्हा एकट्या कार्निव्हल समूहाने त्या वर्षी १० अब्ज डॉलरहून अधिक तोटा दाखवला. त्यांच्या काही बोटी तुर्कस्तानात आलियागाच्या किनाऱ्यावर भंगारात गेल्या. वरून कर्जाचा डोंगर. तो फेडायला तिकीट वाढवावे तर पंचाईत, कारण उतारू तिकीट शोधताना पहिली गोष्ट करतो ती म्हणजे यादी स्वस्ताकडून महागाकडे लावतो आणि सर्वांत वरच्या नावावर बोट ठेवतो. म्हणून तिकीट चढवताना हात आखडतो, बोटीवर चढल्यावरचे सगळे वर चढते. २०२४ मध्ये कार्निव्हल समूहाची उलाढाल २५ अब्ज डॉलरपर्यंत गेली आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा तिकिटाबाहेरचा होता. ओरडणाऱ्याने कंपनीचा ताळेबंद कधी वाचलेला नसतो. कंपनीने ओरडणाऱ्याचा नीट वाचलेला असतो.

या सगळ्यात आमच्या टेबलावर एक वेगळाच देश नांदत होता. भाऊजींच्या आई, आमच्या काकू, सांगलीहून आलेल्या, शुद्ध शाकाहारी. मोठ्या अमेरिकन बोटींवर एक सोय असते, जी मेनूकार्डावर नसते: पहिल्या रात्री हेडवेटरला सांगितले की रोज संध्याकाळी हिंदुस्थानी शाकाहारी जेवण वेगळे करून येते, जादा पैसे नाहीत. आमचा वेटर म्हापशाचा निघाला. शेजारच्या टेबलावर टेक्सासचे एक भव्य गृहस्थ लॉबस्टरच्या दुसऱ्या शेपटीवरून मॅनेजरला बोलावत होते, तेव्हा इकडे तो काकूंच्या ताटात न मागता नान ठेवत विचारत होता, “मावशी, डाळ आणखी देऊ?” काकूंची तक्रार एकच होती आणि ती पैशाची नव्हती. “एवढी मोठी बोट चालवतात, पण चहाला एक उकळी फुटत नाही.”

या वेटरकडून दुसरी बाजू कळली. करार आठ-नऊ महिन्यांचा, आठवड्याची सुट्टी हा प्रकार नाही. पगारातला मोठा भाग टीपेतून. टीप आता रोजच्या रोज आपोआप खात्यावर पडते. रॉयल कॅरिबियनवर साध्या केबिनला ती नोव्हेंबर २०२४ मध्ये माणशी दिवसाला १८.५० डॉलर झाली, नॉर्वेजियनवर तेव्हा २० होती. आणि ५ डॉलरचा सूड म्हणून काही शूर वीर सफर संपायच्या आधी काउंटरवर जाऊन काय काढून टाकायला लावतात, तर ही टीप. तिसऱ्या डिशला पैसे लावले मायामीतल्या कचेरीने, कापला गेला म्हापशाचा पोरगा. याच्यावर विनोद करायला मला जमलेले नाही.

शेवटच्या रात्री केबिनच्या दाराखालून बिल सरकते आणि सकाळी साडेसहाला गेस्ट सर्व्हिसेससमोर रांग लागते. कोणी म्हणतो हे निळे पेय माझे नाही, कोणाच्या नावावर पोराने आर्केडमध्ये खेळलेले साठ डॉलर निघालेले असतात, टेक्सासचे गृहस्थ लॉबस्टरची शेपटी हाताने मापून दाखवत असतात. त्याच काउंटरला लागून, हाताच्या अंतरावर, पुढच्या क्रूझचे बुकिंग करायचे टेबल असते. मधे फक्त एक कुंडी.

काकू आणि मी समोरच्या सोफ्यावर सामान सांभाळत बसलो होतो. टेक्सासच्या गृहस्थांचे भांडण पुष्कळ वेळ चालले. ते लालबुंद होऊन वळले, कुंडीला वळसा घातला आणि दुसऱ्या रांगेत उभे राहिले. तिथल्या बाईंनी सांगितले की आजच नाव घातलेत तर १०० डॉलर बोटीवर खर्चायला मिळतील. गृहस्थांनी खिशातून चष्मा काढला आणि पुढच्या वर्षीच्या तारखा बघायला घेतल्या.

“हाच ना तो, आत्ता ओरडत होता?” काकूंनी विचारले.

“तोच.”

“आणि त्याच्या मागे कोण उभं आहे?”

मी मान लांब करून पाहिले. त्याच्या मागे भाऊजी उभे होते. पाठीवर सॅक, तिच्यात पाण्याच्या बाटल्या, आणि दोन्ही हातांत वहिनींच्या कॉफ्या, कारण पॅकेज आठ वाजता संपत होते.